लसीचा प्रश्न लोकसभेत कसा टिकतो

सांगली जिल्ह्यात शिराळा तालुक्यातल्या एखाद्या आरोग्य केंद्रात सर्पदंशावरची लस संपली, की 'खासदारांनी लोकसभेत विचारावं' असं लोक म्हणतात. तसाच पाठवला तर हा प्रश्न बहुधा बाद होतो. सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत, म्हणजे राज्यांकडे सोपवलेल्या विषयांच्या यादीत आहे. एका आरोग्य केंद्रातला साठा हा विधानसभेचा विषय.

पण केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं त्याचं उद्दिष्ट. प्रश्न तिथे टेकवा: '(अ) आराखड्याखाली महाराष्ट्राला किती निधी दिला, (ब) सांगली जिल्ह्याचा तपशील काय?' मत, आरोप, विशेषणं काढून टाका. मर्यादा साधारण १५० शब्दांची आणि प्रश्नाची सूचना (नोटीस) किमान १५ दिवस आधी लागते, त्यामुळे अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच मजकूर खासदारांच्या कार्यालयात पोचवावा.

तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर) की अतारांकित (फक्त लेखी उत्तर)? तारांकित दिवसाला २०च, तेही चिठ्ठीने, आणि प्रश्नोत्तराच्या तासाभरात सगळे पुकारले जात नाहीत. आकडे हवे असतील तर अतारांकितच मागा. लेखी उत्तर मिळतं, मात्र उपप्रश्न विचारता येत नाही. 'माहिती गोळा करत आहोत' असं उत्तर आलं तर ते आश्वासन धरलं जातं. त्याचा पाठपुरावा शासकीय आश्वासन समिती करते. प्रश्न क्रमांक आणि तारीख जपून ठेवा.