कारखाना नफ्यात आहे, मग चूक कसली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "परदेशातला कारखाना दरवर्षी नफा दाखवतो, मग ती गुंतवणूक चुकली असं का म्हणता?" निवृत्त झालो तरी हा प्रश्न पाठ सोडत नाही.

नफा उपकंपनीचा आहे, तिकडच्या चलनात. मूळ कंपनीच्या भागधारकाला पोचेल तेवढाच त्याचा. समजा दहाव्या वर्षी तिकडे 100 नफा झाला. 30 टक्के कर गेला, 70 उरले. लाभांश पाठवताना 10 टक्के कापले, 63. तिकडची महागाई 10 टक्के आणि इकडची 4 असेल, तर क्रयशक्तीच्या हिशेबाने त्यांचं चलन दरवर्षी साडेपाच टक्क्यांच्या आसपास उतरणार. सुरुवातीच्या दराने मोजलेल्या 63 चे इकडे जेमतेम 36 होतात. हे मला तोंडपाठ होतं. तरी ही गुंतवणूक ठरवताना मी मांडलेल्या हिशेबाच्या शीटमध्ये विक्री तिकडच्या महागाईने वाढत होती आणि विनिमय दर दहा वर्षं जागचा हलत नव्हता.

नजरचूक नव्हती ती. समितीच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी चलनाची घसरण धरून एनपीव्ही उणे येत होता; म्हणजे पुढच्या वर्षांत येणारे पैसे डिस्काउंट रेटने आजच्या किमतीत आणले (दर जितका चढा, तितकी ती किंमत कमी), तर त्यातून गुंतवणूकही निघत नव्हती. प्रकल्पप्रमुख माझ्या टेबलाशी येऊन बसले. "अहो, चलन पडलं तर किमती वाढवू. आणि देशाच्या जोखमीसाठी डिस्काउंट रेट तुम्ही तीन टक्क्यांनी चढवलाच आहे. एकाच धोक्याचे पैसे दोनदा कशाला कापता?"

किमतींची वाढ शीटमध्ये आधीच होती, हे मी त्यांना तिथेच सांगायला हवं होतं. दुसरा मुद्दा मात्र बराचसा खरा होता, आणि मी त्याचाच आधार घेतला. रीतसर करायचं तर ते तीन टक्के काढून घसरण ठेवायची. मी तीन टक्के ठेवले आणि रात्री साडेनऊला विनिमय दराची ओळ गोठवली. आकडा धन झाला.

सकाळी एका संचालकांनी विचारलं, "पैसे परत आणता येतील ना?" मी म्हणालो, "हो, नियमांत कुठलीच आडकाठी नाही." त्या दिवशी ते खरं होतं. दोन वर्षांनी तिथल्या सरकारने परकीय चलनाचं रेशनिंग सुरू केलं. आमचा लाभांश तिकडच्या बँकेत पडून राहिला आणि महागाईने खाल्ला.

सरकार काय करेल हे मला कसं कळणार, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. पण अर्जेंटिनाचं उदाहरण तेव्हाही समोर होतं: डिसेंबर 2001 मध्ये बँकेतून पैसे काढण्यावर मर्यादा, आणि 1991 पासून डॉलरशी एकास एक बांधलेला पेसो जानेवारी 2002 मध्ये सुटला. भांडवलाचा काही भाग कर्ज म्हणून दिला असता, तंत्रज्ञानाच्या रॉयल्टीचा करार आधीच केला असता, तर पैसे यायला आणखी वाटा राहिल्या असत्या. कदाचित त्याही बंद झाल्या असत्या.

कारखान्यामुळे आमची तिकडची निर्यात थांबली, तो नफा मी वजा केला नाही, असंही मला ऐकवतात. इथे मी हटून बसतो. आम्ही गेलो नसतो तर प्रतिस्पर्धी गेला असता, निर्यात तशीही बुडाली असती. पण तो खरंच गेला असता का?

ती शीट मी पुन्हा मांडली आहे, चलनाची ओळ मोकळी सोडून, ते तीन टक्के काढून. निर्यात वजा केली की उत्तर उणे येतं. नाही केली, तर काठावर का होईना, धन.