कोलोनोस्कोपीची तयारी : पुडी, मिठाचं पाणी आणि एरंडेल

माझ्या कोलोनोस्कोपीची, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं बघण्याच्या तपासणीची, वेळ होती सकाळी 10 ची, ठाण्यातच. आतडं रिकामं करायला पॉलीइथिलीन ग्लायकॉलची सुमारे 137 ग्रॅमची पुडी लिहून दिली होती. घरातून लगेच सल्ला आला : पुडी कशाला, रात्री एरंडेल घे, पहाटे मिठाचं पाणी पी, पोट तेवढंच साफ होतं. होतं, नाही असं नाही. पण जाताना अंगातले क्षारही घेऊन जातं, किंवा नको तेवढे आत सोडतं.

पुडीतली पावडर रक्तात जवळजवळ शोषलीच जात नाही. सोबत सोडियम-पोटॅशियमचे क्षार मोजून घातलेले असतात, त्यामुळे दोन लिटर पाणी आत जाऊन बाहेर पडलं तरी रक्तातलं प्रमाण फारसं हलत नाही. मिठाच्या पाण्यात लिटरला दोन छोटे चमचे टाकतात, म्हणजे साधारण 12 ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात 5 ग्रॅमच्या आत राहा म्हणते. जुलाब झाले तर बरंचसं निघून जातं. झाले नाहीत तर सगळं अंगात मुरतं आणि रक्तदाब, हृदय, मूत्रपिंडाच्या रुग्णाला भोवतं. जुलाबासाठी काहीजण एप्सम सॉल्ट घेतात, त्यात मॅग्नेशियम असतं, मूत्रपिंड थकलेलं असेल तर ते साचतं. ‘नैसर्गिक’ चूर्णाच्या डब्यावर बारीक अक्षरांत बहुधा सोनामुखी सापडते, ते रेचकच. कॉफीच्या एनिमाने (गुदद्वारातून कॉफी आत सोडतात) गुदाशय भाजल्याच्या नोंदी आहेत. आणि आतड्याला वर्षानुवर्षं मळ चिकटून राहतो, हे तर खोटंच. त्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं.

तयारीला दोन दिवस आधी सुरुवात केली. पालेभाज्या, उसळी, भाकरी, तीळ, पेरू, टोमॅटो बंद. पांढरा मऊ भात, दही, सालीशिवाय उकडलेला बटाटा चालू. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसणारं : शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, कोरा चहा. कोकम सरबत नको, त्याचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवायला सांगितलं होतं. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं डॉक्टरांनाच विचारावं, स्वतः ठरवू नये.

आणखी एक, खास आपल्याकडचं : पाणीपुरवठा बंदची सूचना आधी बघा. बादल्या भरून ठेवल्याशिवाय सुरुवातच करू नका.

पुडी दोन लिटर पाण्यात विरघळवून फ्रिजमध्ये ठेवली. संध्याकाळी 7 पासून दर पंधरा मिनिटांनी एक पेला, 250 मिली. तासात एक लिटर. उरलेला लिटर पहाटे 5 ते 6. हा पहाटेचा भाग लोक टाळतात, पण उजवीकडचं आतडं त्यानेच स्वच्छ होतं. घाईघाईने प्यायलं की मळमळतं. मग अर्धा तास थांबायचं, स्ट्रॉने घोट घोट घ्यायचं. व्हॅसलीन पहिल्या जुलाबाआधीच लावावं, नंतर आग होते.

भुलीचं इंजेक्शन असतं, म्हणून सोबत माणूस हवाच. परतताना गाडी चालवायची नाही. जाताना घोडबंदर रोडचा सकाळचा ट्रॅफिक धरूनच निघावं.

शेवटी पिवळसर, लघवीसारखं पारदर्शक पाणी यायला हवं. तपकिरी किंवा कण असलेलं आलं तर वर एरंडेल ढोसू नका, हॉस्पिटलला फोन करून तसं सांगा. ते आणखी औषध देतील, नाहीतर वेळ बदलून देतील.