जड टेबलाला चाकं बसवताना: माझा अनुभव

माझं कामाचं टेबल सागवानी आहे. वरची फळी १८०० बाय ७५० मिलिमीटर, जाडी ७५, आणि लांब बाजूला लोखंडी व्हाइस, म्हणजे काम घट्ट पकडून धरणारा शिकंजा. रंधा मारताना किंवा छिन्नीवर मोगरीचे घाव घालताना ते तसूभरही सरकत नाही, आणि त्यासाठीच मी ते इतकं जड केलं होतं. पण लांब फळ्या चिरायच्या असल्या की चहूबाजूंनी मोकळी जागा लागते आणि टेबल भिंतीला लावावं लागतं. दोघांनी मिळून ओढलं तर सरकायचं, पण पाय जमिनीवर घासत अडकले की सगळा ताण सांध्यांवर यायचा. चांगले घट्ट बसलेले सांधे असे ढिले होताना मला बघवत नव्हतं.

चाकं निवडण्याआधी वजन माहीत हवं. सागवानाची घनता एका घनमीटरला साधारण ६५० किलो धरली. वरच्या फळीचं घनफळ ०.१ घनमीटर, म्हणजे ६५ किलो. पाय आणि आडव्या पट्ट्या मिळून ३५, व्हाइस १८, खालच्या फळीवरची अवजारं ४०. बेरीज १६० च्या आसपास. खात्री करायला टेबलाचं एक टोक वजनकाट्यावर आणि दुसरं तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यांवर ठेवलं. काटा ८० च्या जवळ थांबला, तेव्हा हिशोब बरोबर होता.

आता १६० ला चारने भागून चालत नाही. जमीन कुठेच आरशासारखी सपाट नसते, त्यामुळे एक चाक अधांतरी राहतं आणि भार तिघांवर येतो. म्हणून तीनने भागायचं. एका चाकाच्या वाट्याला ५३ किलो आले. फटीवरून जाताना बसणारे धक्के धरून मी १०० किलो क्षमतेची चाकं घेतली.

सरळ पायांखाली चाकं ठोकून मोकळं व्हावं, असं बहुतेकांना वाटतं. मला ते पटलं नाही. एक तर ७५ मिलिमीटरचं चाक त्याच्या पट्टीसकट जवळपास १०० मिलिमीटर उंच होतं, म्हणजे टेबलही तेवढंच वर जातं, आणि उंच टेबलावर रंध्याला अंगाचा जोर मिळत नाही. दुसरं म्हणजे पायाच्या तळाला लाकडाच्या रेषांची टोकं असतात, त्यात स्क्रू नीट धरत नाही. पण खरी अडचण ब्रेकची आहे. गोल फिरणाऱ्या चाकाचा आस त्याच्या खिळीच्या (ज्या उभ्या दांड्याभोवती चाक वळतं त्याच्या) बरोबर खाली नसतो, थोडा मागे असतो. साधा ब्रेक चाकाचं घरंगळणं थांबवतो, खिळीभोवतीचं वळणं थांबवत नाही. मग रंध्याच्या प्रत्येक फेरीला टेबल त्या फरकाइतकं डुलत राहतं. चाक आणि वळण दोन्ही जखडणारे ब्रेक मिळतात, पण तेव्हाही टेबल रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या चार गोलांवरच उभं असतं. काम करताना टेबल स्वतःच्या पायांवरच उभं राहिलं पाहिजे, हे मी आधी पक्कं केलं आणि बाकी सगळं त्यावरून ठरवलं.

म्हणून पायाने दाबायची फळी केली. टेबलाच्या दोन्ही टोकांना, खालच्या अंगाला, अशी एकेक फळी आहे. तिची आतली कड बिजागऱ्यांनी टेबलाखालच्या एका आडव्या पट्टीला जोडलेली, बाहेरची कड पायांच्या मधून बाहेर आलेली, आणि खाली दोन चाकं. बाहेरची कड पायाने दाबली की फळी चाकांवर सी-सॉसारखी कलते, आतली कड वर जाते आणि बिजागरीमार्फत टेबलाचं ते टोक उचललं जातं. बिजागरीपासून चाकाची खिळी ८० मिलिमीटरवर, पाय ठेवायची जागा ३०० वर. टोकाचा भार ८० किलो, म्हणजे पायाने साधारण ३० किलोचा जोर द्यावा लागतो. टेबल १० मिलिमीटर उचलायला पाय २७-२८ मिलिमीटर खाली जातो. एवढं उचललं तरी पुरतं.

मात्र हा जोर दर वेळी सारखा लागत नाही. मी घेतलेल्या चाकांचा आस खिळीपासून सुमारे ३० मिलिमीटर बाजूला आहे. टेबल शेवटी ज्या दिशेने ढकललं असेल त्याप्रमाणे चाक बिजागरीच्या जवळ तरी वळलेलं असतं किंवा लांब तरी. जवळ असलं तर १६-१७ किलोत काम होतं, लांब असलं तर ४५ च्या पुढे जातं. फळी जड वाटली तर मी वाकून चाकं हाताने आत वळवतो आणि मग दाबतो.

बिजागरी कशी बसवायची, यावर मी बराच विचार केला आणि ते सार्थकी लागलं. तिचं एक पान टेबलाच्या पट्टीच्या खालच्या अंगाला आणि दुसरं फळीच्या वरच्या अंगाला लावलं. त्यामुळे भार येतो तेव्हा दोन्ही पानं लाकडावर दाबली जातात, स्क्रू उपटायला कुणी ओढत नाही. उलट्या बाजूंनी लावली असती तर सगळं वजन स्क्रूच्या आट्यांवर लटकलं असतं. चाकांच्या पट्ट्यांना मात्र स्क्रू नाहीतच. ४० मिलिमीटर जाड फळीतून आरपार ८ मिलिमीटरचे बोल्ट, दोन्हीकडे वॉशर आणि वर नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला नट. साधा नट हादऱ्यांनी सैल होतो.

दाबलेली फळी तशीच राहावी म्हणून पायांमधल्या पट्टीला एक ठोकळा टांगता बसवला आहे. फळी खाली गेली की तो आपोआप तिच्यावर येऊन टेकतो. खाली उतरवताना फळी किंचित दाबायची, दोरीने ठोकळा ओढून धरायचा आणि पाय हळूहळू उचलायचा. पाय एकदम काढला तर टेबल आदळतं. ठोकळ्यावर ५० किलोंहून जास्त भार येतो, म्हणून तो कठीण लाकडाचा आणि रेषा उभ्या ठेवून कापलेला हवा.

हे सगळं टेबलाखाली आडवं होऊन करावं लागतं. आधी व्हाइस उतरवला, खालची फळी रिकामी केली. मग एक टोक जॅकने उचलून दोन्ही पायांखाली रुंद ठोकळे सरकवले आणि टेबल ठोकळ्यांवर पूर्ण टेकल्यावरच खाली शिरलो. नुसत्या जॅकच्या भरवशावर टेबलाखाली हातही घालू नये.

चाकं चारही फिरणारी घेतली. लांबवर सरळ ढकलायचं असतं तर दोन स्थिर बरी, कारण चारही फिरणारी असली की टेबल भरकटतं. पण मला ते भिंतीला आडवं चिकटवायचं असतं. नायलॉनची चाकं हलकी पळतात, मात्र लाकडाच्या बारीकशा ढलपीलाही अडतात आणि आवाज करतात. मी पॉलियुरेथेनची लावली. त्यांत धातूचा कीस रुततो, म्हणून ज्या दिवशी लोखंड घासलं असेल त्या दिवशी आधी झाडू, मग टेबल.

हलवताना व्हाइसचे जबडे पूर्ण मिटतो. चाकांमधलं आडवं अंतर ४५० मिलिमीटरच आहे आणि व्हाइसचं वजन एका बाजूला बाहेर येतं, तेव्हा जबडे उघडे असले तर टेबल त्या अंगाला कलायला बघतं. अवजारांची जड पेटीही आता खालच्या फळीवर व्हाइसच्या विरुद्ध बाजूला ठेवतो आणि टेबल नेहमी टोकाकडून ढकलतो. नव्या जागी उतरवल्यावर एखादा पाय अधांतरी राहतोच. त्यासाठी दोन पायांना तळाशी बोल्टचे फिरते टेकू लावले आहेत. पान्याने अर्धा फेरा दिला की डुगडुग थांबते, आणि त्यानंतरच मी रंधा हातात घेतो.