आजोबांची चाळिशी

"अरे, पण दादा चालायचे किती भरभर! ते कुणीच कसं लिहिलं नाही?"

आजोबांवर लिहिलेला मजकूर आज आत्याला वाचून दाखवला, तर ती एवढंच म्हणाली.

जन्म, शिक्षण, नोकरी, निवृत्ती, सगळं होतं त्यात. पण आम्हा नातवंडांचे आजोबा काठी टेकत चालणारे. तिचे दादा, म्हणजे तिचे वडील, सायकलवर टांग टाकून निघणारे, घरातला पंखा स्वतः उघडून दुरुस्त करणारे, रात्री जागून भावंडांचा अभ्यास घेणारे. बोलताना तिचा आवाजच बदलला.

मानसशास्त्र सांगतं की उतारवयात माणसाला सर्वांत जास्त आठवतात ते साधारण १० ते ३० या वयातले दिवस. आजोबाही आम्हाला तेच सांगायचे. शाळा, पोहणं, पहिला पगार. आणि आम्ही त्यांना पाहिलं ते साठीनंतर. मधली तीस वर्षं, ज्यांत त्यांनी हे सगळं घर उभं केलं, ती ना त्यांच्या गोष्टींत आली, ना आमच्या आठवणींत. ती आत्याकडे आहेत. काकांकडे आहेत. तेही आता सत्तरीत.

उद्यापासून आत्याचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करणार आहे.

तुमचे आजोबा चाळिशीत कसे होते, हे सांगणारं कोण आहे तुमच्या घरात?