‘मुलांचं काय ठरवलंय?’ आणि जर्मनीतला इंटरव्ह्यू

जर्मनीत नोकरी शोधणाऱ्या पुण्याच्या मैत्रिणींना तांत्रिक प्रश्नांची धास्ती क्वचितच असते. गिअरबॉक्स, टेस्टिंग, कोड हे सगळं त्यांना तोंडपाठ. घाम फुटतो तो वेगळ्याच प्रश्नांनी. व्हिसाचं काय? पगार किती हवा? मधली दोन वर्षं घरी का होतात? आणि अर्थात, मुलाबाळांचं काय?

व्हिसाचं आधी उरकते. ब्लू कार्डसाठी, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या राहण्या-काम करण्याच्या परवान्यासाठी, २०२५ मध्ये वर्षाला किमान ४८,३०० युरो पगाराचा करार लागत होता, आयटीसारख्या माणसांची चणचण असलेल्या क्षेत्रांत ४३,७५९.८० युरोंचा. आपलं विद्यापीठ आणि डिग्री ‘अनाबिन’ या सरकारी डेटाबेसमध्ये मान्य आहे का, ते घरीच पाहून ठेवायचं. छोट्या कंपन्यांना पुष्कळदा यातलं काहीच ठाऊक नसतं. मग आपणच त्यांना समजावून सांगायचं, आणि त्यात मजाही येते.

पगाराच्या प्रश्नावर ‘तुम्ही द्याल ते’ म्हणू नका. इथे त्याला कुणी नम्रपणा समजत नाही. वर्षाचा ब्रुटो, म्हणजे कपातीआधीचा आकडा सांगायचा. एकट्या माणसाच्या हाती त्यातले ढोबळमानाने ६० ते ६५ टक्के येतात, आणि म्युनिकच्या घरभाड्यासमोर तेही तोकडे वाटतात. पुण्यातल्या लाखांचे युरो करून दाखवायची गरज नाही. आधीचा पगार अर्जदाराला विचारूच नये, असा युरोपीय महासंघाचा २०२३ चा निर्देश आहे; तो आपापल्या कायद्यात आणायला सदस्य देशांना जून २०२६ पर्यंतची मुदत दिली होती.

आता मुलाबाळांचा प्रश्न. २००६ च्या समान वागणूक कायद्यामुळे उमेदवार बाईला ‘गरोदर आहात का’ असं विचारता येत नाही. विचारलंच, तर खोटं उत्तर द्यायचीही मुभा न्यायालयांनी दिलेली आहे. त्यावरून पुढे नोकरी काढून घेता येत नाही. तरी विचारणारे विचारतात. स्टुटगार्टजवळच्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत विभागप्रमुखांनी कॉफी ओतता ओतता मला विचारलं, “आणि कुटुंबाचं काय ठरवलंय?” मी म्हटलं, “या कामात महिन्याला किती दिवस बाहेरगावी जावं लागतं ते सांगा, म्हणजे मला जमेल की नाही ते लगेच सांगते.” एचआरच्या बाईंनी मान खाली घालून कागद चाळायला सुरुवात केली. तिथली ऑफर आली, पण पगार मनासारखा नव्हता, म्हणून घेतली नाही.

भांडून किंवा कायद्याचं कलम वाचून दाखवून काही साधत नाही, असं माझं मत. प्रश्नामागे कामाची जी काळजी असते तेवढीच उचलायची आणि तिचं उत्तर द्यायचं.

मधल्या रिकाम्या वर्षांबद्दल मात्र आपण उगाच ओशाळतो. इथे आईला आणि बापालाही प्रत्येक मुलामागे तीन वर्षांपर्यंत पालकरजा घेता येते. समोर बसलेली बाई स्वतःच ती घेऊन आलेली असू शकते. ‘मुलगी लहान होती, दोन वर्षं घरी होते, शेवटच्या सहा महिन्यांत अमुक कोर्स केला’ एवढं बोलून थांबायचं. थांबणं अवघड जातं, कारण जर्मन माणूस उत्तर ऐकून घेतो आणि काही न बोलता लिहीत बसतो. त्या शांततेत आपण सासूबाईंच्या ऑपरेशनपर्यंत जाऊन पोचतो. त्याचं लिहून होईपर्यंत पाणी प्यावं.

आणि नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडचं सांगताना चाचरू नका. कराराप्रमाणे तीन महिन्यांची नोटीस इथेही बऱ्याच जणांना असते.