पोळी कमी करण्याआधी झोप विचारा

नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतले सुपरवायझर, वय चाळिशीच्या आत, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 28, म्हणजे जास्तच. ओपीडीत आले ते आहाराची वही घेऊनच. तर्री पोहे बंद, भात अर्धा, चहा बिनसाखरेचा. "मॅडम, एवढं करूनबी वजन काही हलून नाही राहिलं जी."

वही प्रामाणिक होती, म्हणून सापडलं. नऊच्या जेवणाखाली बारीक अक्षरात रोज काहीतरी: चिवडा एक वाटी, नाहीतर मूठभर दाणे. तीस ग्रॅम दाणे म्हणजेच सुमारे 170 कॅलरी. वेळ साडेदहा ते साडेबारा, टीव्हीसमोर. कंपनीची बस पावणेसहाला, म्हणजे उठणं पाचला. झोप साडेचार तास, आणि त्यांच्या मते ती "पुरते".

अशा वेळी आणखी एक पोळी कापून काही होत नाही. शिकागो विद्यापीठाचा 2022 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग नेमका अशाच लोकांवर होता: वजन जास्त, झोप साडेसहा तासांपेक्षा कमी, एकूण 80 जण. निम्म्यांना झोपेच्या सवयींबद्दल एकदा समजावलं. त्यांची झोप सव्वा तासाच्या आसपास वाढली आणि दुसऱ्या गटाच्या तुलनेत खाणं दिवसाला सुमारे 270 कॅलरींनी उतरलं. डाएट कुणालाच दिलं नव्हतं. "काय खाल्लं" हेही विचारलं नाही. जड अणूंचं पाणी पाजून लघवीच्या नमुन्यांवरून ऊर्जेचा खर्च काढला आणि त्यावरून, वजनातला बदल धरून, खाण्याचा हिशेब केला. झोप वाढवण्याचा टप्पा दोनच आठवड्यांचा होता, त्यामुळे वर्षभराचे आकडे त्यातून काढू नयेत.

त्याआधीचा, 2010 चा प्रयोग लहान होता, पण डाएटवाल्यांसाठी जास्त बोचरा. खाणं तेवढंच कमी, झोपेसाठी एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच. वजन दोन्हीकडे सारखंच उतरलं; कमी झोपेत मात्र चरबी निम्म्याहून कमी गेली, बाकीचं नुकसान स्नायूंसारख्या कामाच्या ऊतींचं.

झोप वाढवण्याआधी घोरण्याची चौकशी लागते. ती बायकोकडेच करावी. "हे घोरतात, पण श्वास नाही अडकत," त्या म्हणाल्या. मानेचा घेर 40 सेंटिमीटरच्या आत, दिवसा पेंग नाही. नाहीतर आधी झोपेची तपासणी. श्वास अडकत असेल तर आठ तास पडूनही झोप अपुरीच राहते.

साडेबाराचं थेट दहावर आणलं की माणूस छताकडे बघत पडतो आणि चौथ्या दिवशी नाद सोडतो. म्हणून दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे. उठण्याची वेळ रविवारीही तासाभरापेक्षा जास्त सरकवायची नाही. जेवण आठला, शेवटचा चहा दुपारी तीनला, मोबाइलचं चार्जर हॉलमध्ये. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून बसायचं, पण स्वयंपाकघरात नाही.

नागपुरात मे महिन्यात खोलीच झोपू देत नाही. कूलर लावून सगळं बंद केलं की दमट होतं. समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी. पावसाळ्यात कूलरचा पंप बंद, नुसता पंखा.

दीड महिन्यात रात्रीचं खाणं वहीतून जवळजवळ गेलं. वजन पावणेदोन किलो उतरलं. त्यात आठच्या जेवणाचाही वाटा असणार, सगळं श्रेय झोपेला देता येत नाही.

आता रात्रपाळी लागणार आहे. घरी येताना उजेड टाळायला गॉगल, सकाळी नऊच्या आत अंथरुणावर, तळमजल्याच्या खोलीत जाड पडदे, दुपारी दीड-दोनपर्यंत झोप, आणि निघण्याआधी संध्याकाळी आणखी तास-दीड तास. डबा रात्री बारापूर्वी संपवायचा. त्यानंतर भूक लागलीच तर ताक किंवा उकडलेलं अंडं. कॅन्टीनचा समोसा नाही.