मागच्या टेबलावरचे हसू

शनिवार, रात्रीचा दीड

लेकीच्या विसाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने आज आम्ही दोघी न्यू जर्सीतल्या एडिसनहून न्यूयॉर्कला जाऊन आलो. ग्रेनिच व्हिलेजमधल्या एका तळघरातल्या कॉमेडी क्लबची तिकिटे तिनेच काढली होती. बुटक्या छताची खोली, मागे विटांची भिंत, पुढे एक माइक आणि एक उंच स्टूल, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ मांडलेली टेबले, प्रत्येकाने किमान दोन पेये मागवलीच पाहिजेत हा नियम, आणि दर पंधरा मिनिटांनी बदलणारा विनोदकार. या शहरात हे लोक एका रात्रीत तीन-तीन क्लबांत धावत जातात आणि तोच मजकूर घासूनपुसून लख्ख करत राहतात. त्यांच्या या मेहनतीविषयी मला मनापासून आदर आहे.

दुसऱ्या क्रमांकावर एक कृष्णवर्णीय बाई उभ्या राहिल्या. लहानपणी दुकानात शिरण्याआधी, मोटारीचे दार उघडण्यापूर्वी, त्यांची आई सगळ्या भावंडांकडून उजळणी करून घेत असे: कशाला हात लावायचा नाही, काही मागायचे नाही, हात खिशात घालायचे नाहीत, आणि च्युइंगगमची एक पुडी घेतली तरी पावती हातात धरूनच बाहेर पडायचे. त्यांनी आईचा दबका आवाज काढला, मागच्या सीटवर दाटीने बसलेल्या मुलांचे एका सुरातले ‘हो’ काढले, आणि बाहेर पडताना पावती निशाणासारखी उंच धरून चालणारी सहा वर्षांची मुलगीही करून दाखवली. आमच्या शेजारी एक वयस्क कृष्णवर्णीय जोडपे बसले होते. बाकीची खोली वाक्य संपल्यावर हसत होती, ते दोघे वाक्य संपण्याआधीच हसत होते, आणि त्यातल्या आजींनी तर ‘पावती’ हा शब्द त्या बाईंच्या आधी उच्चारला. मुलांना दुकानातले वळण लावणारी आई कोणत्याही देशात सापडेल, पण ते वळण चुकले तर काय होईल याचे त्या आईला वाटणारे भय इथल्या वर्णभेदाने दिलेले होते, आणि त्या बाईंनी भय हा शब्द एकदाही न वापरता ते आमच्यापर्यंत पोहोचवले.

त्यानंतरच्या तरुणाने आपल्या घरातल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणावर बरे सांगितले, आणि मग एकाएकी कॉल सेंटरमधल्या भारतीय माणसाचा उच्चार काढला. मान हलवली, ‘व’ आणि ‘ड’ ठासून म्हटले. त्यात माणूस कोणताच नव्हता, नुसता उच्चार होता. आमच्या मागच्या टेबलावर हसण्याचा स्फोट झाला आणि त्यातल्या एकाने तेच वाक्य त्याच उच्चारात मोठ्याने परत म्हटले. लेक हातातल्या ग्लासमधल्या बर्फाकडे पाहत राहिली.

परतीच्या गाडीत नेवार्क मागे पडेपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, “तिसरीत असताना जेवणाच्या सुट्टीत दोन मुलं मला रोज ‘थँक यू, कम अगेन’ म्हणून दाखवायची, त्याच आवाजात.” मी विचारले, “मला तेव्हा का नाही सांगितलंस?” ती म्हणाली, “तू आणि बाबा ते बघताना हसायचात ना, आई.”

रविवार

तेच वाक्य डोक्यात घेऊन उठले. ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी व्यंगचित्र मालिकेत ‘थँक यू, कम अगेन’ म्हणणारा अपू हा भारतीय दुकानदार 1990 मध्ये आला. त्याला आवाज देणारे हँक अझेरिया हे गोरे अभिनेते. आम्ही इथे आलो तेव्हा अमेरिकी टीव्हीवर हमखास भेटणारा भारतीय म्हणजे जवळजवळ तोच एक होता, आणि आपल्यातले कोणीतरी त्या पडद्यावर आहे याचाच आम्हाला आनंद वाटत असे. आमच्या हसण्याच्या पाठीशी डोंबिवलीचे घर, तिथली माणसे आणि आमचा तयार झालेला स्वभाव होता. लेकीजवळ त्या शाळेच्या जेवणघराखेरीज दुसरे जग नव्हते. हा फरक माझ्या लक्षात यायला हवा होता.

आंध्रातून आलेल्या आईवडिलांचे, न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये वाढलेले विनोदकार हरी कोंडाबोलू यांनी 2017 मध्ये या पात्रावर माहितीपट केला. ते स्वतः त्या मालिकेचे चाहते आहेत, आणि म्हणूनच त्यांचे म्हणणे मला अधिक लागते: ज्या घरात आपण प्रेमाने जातो त्याच घरात आपली नक्कल चालते, हे त्यांचे दुखणे होते. 2020 च्या जानेवारीत अझेरिया यांनी तो आवाज आपण यापुढे काढणार नसल्याचे सांगितले आणि पुढच्या वर्षी माफीही मागितली. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. माफी मागायला त्यांना कोणी कायद्याने भाग पाडले नव्हते, त्यांनी लोकांचे ऐकून घेतले.

हे ऐकून घेणे हाच माझ्या मते अमेरिकी विनोदाच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग आहे. विनोद करणारे पुष्कळ झाले, पण आपल्या विनोदावर कोण, कशासाठी हसते आहे हे कान देऊन ऐकणारे आणि ते हसू चुकीचे वाटले तर आपलाच विनोद मागे घेणारे थोडे. कृष्णवर्णीय विनोदकार डेव्ह शपेल त्यांपैकी एक. 2003 मध्ये सुरू झालेला त्यांचा दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम अतोनात गाजत होता आणि सुमारे 5 कोटी डॉलरचा करार झालेला होता. 2005 मध्ये तिसऱ्या पर्वाचे काम अर्ध्यावर टाकून ते दक्षिण आफ्रिकेला निघून गेले. काय झाले हे पुढे त्यांनीच ऑप्रा विन्फ्री यांच्याशी बोलताना सांगितले: चेहऱ्याला काळा रंग फासलेल्या एका बुटक्या सोंगाचा प्रसंग चित्रित होत असताना तिथला एक गोरा माणूस हसला, आणि त्या हसण्याची जात त्यांना वेगळी वाटली.

त्या काळ्या रंगामागे केवढा इतिहास आहे हे माहीत असल्याखेरीज एका हसण्याने माणूस एवढा का हलला ते कळत नाही. 1830 च्या दशकात थॉमस राइस नावाचा गोरा नट चेहरा काळा करून ‘जिम क्रो’ नावाच्या काळ्या माणसाचे सोंग नाचत असे, आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या वर्णभेदाच्या कायद्यांना पुढे त्याच सोंगाचे नाव चिकटले. विनोदी नट बर्ट विल्यम्स स्वतः काळे होते, 1910 पासून झीगफेल्ड फॉलीजसारख्या बड्या मंचावर कामे करत होते, तरीही प्रेक्षकांसमोर जाताना त्यांना जळक्या बुचाची काजळी तोंडाला लावावी लागे. शंभर वर्षांपूर्वीचे हे हसू शपेल यांच्या कानांनी त्या दिवशी ओळखले, असे मला वाटते. कित्येकांना तेव्हा त्यांचे डोके फिरले आहे असे वाटले होते.

क्रिस रॉक या दुसऱ्या कृष्णवर्णीय विनोदकाराचेही असेच. 1996 मध्ये त्यांनी आपल्याच समाजातल्या दोन प्रकारच्या माणसांची जी तुलना केली तिने त्यांना कीर्तीच्या शिखरावर नेले, पण ती ऐकून द्वेष्ट्या लोकांना काळ्या माणसांसाठी शिवी म्हणून वापरला जाणारा तो घाणेरडा शब्द वापरण्याची मुभा मिळाल्यासारखे वाटू लागले, तेव्हा आपण ती पुन्हा करणार नाही असे त्यांनी सांगून टाकले.

या दोघांच्याही आधीचे रिचर्ड प्रायर. त्यांच्या 1974 च्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेच्या नावातच तो शब्द होता. वापरून वापरून त्याची धार बोथट करायची, असा त्यामागचा विचार होता. 1979 मध्ये ते केनियाला गेले. तिथल्या हॉटेलच्या दालनात बसून त्यांनी भोवती पाहिले तर व्यवस्थापकापासून हमालापर्यंत सगळी काळी माणसे आपापले काम करत होती, आणि त्यांच्या ध्यानात आले की त्या शब्दाला शोभेल असे इथे कोणीच नाही. परत आल्यावर त्यांनी तो शब्द सोडला आणि ही हकिकत हजारो माणसांसमोर मंचावरून सांगितली.

प्रायर यांच्याविषयी लिहायला बसले की थांबवत नाही. इलिनॉय राज्यातल्या पिओरिया शहरात त्यांची आजी कुंटणखाना चालवत असे आणि त्या आजीनेच त्यांना वाढवले. ती मारायची तेव्हा मारण्यासाठी लागणारी काठी झाडावरून तोडून आणायला नातवालाच पाठवायची. प्रायर मंचावर ते चालणे करून दाखवतात: झाडापर्यंत जाणारी जड पावले, फांदी निवडताना होणारी घालमेल, एकेक पान सोलून काढणे, आणि परतताना ती काठी वाऱ्यावर घुमली की पायांवर मार बसण्याआधीच सुरू झालेले रडणे. मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला आमच्या परसातली निरगुडी आठवली. आजीने फोक आणायला सांगितला की माझा मोठा भाऊ अगदी असाच रेंगाळत जायचा, आणि बारीक म्हणून निवडलेला ओला फोकच जास्त लागतो हे त्याला दुसऱ्यांदा कळायचे. पिओरियातल्या कुंटणखान्याशी आमच्या ब्राह्मणी वाड्याचा काय संबंध, पण त्या सोलल्या फांदीचा आवाज मला ओळखता आला. काल रात्रीच्या तरुणाने ज्याचा उच्चार काढला त्या माणसाची फांदी त्याने कधी पाहिलीच नव्हती.

डिक ग्रेगरी या कृष्णवर्णीय विनोदकाराचेही इथे लिहून ठेवते. 1961 च्या जानेवारीत शिकागोच्या प्लेबॉय क्लबमध्ये त्यांना एका रात्रीपुरते बोलावले होते आणि समोर बसले होते दक्षिणेतून आलेले गोठवलेल्या अन्नाचे व्यापारी, सगळे गोरे. ग्रेगरी उभे राहिले आणि शांतपणे बोलत गेले. त्यांचा उपाहारगृहाचा विनोद प्रसिद्ध आहे: वाढणारी म्हणते, आमच्याकडे काळ्यांना वाढत नाहीत, त्यावर ते म्हणतात, चालेल, मी काळी माणसे खातच नाही, मला एक अख्खी तळलेली कोंबडी आणा. इंग्रजीत ‘सर्व्ह’ म्हणजे माणसाला वाढणे आणि पदार्थ म्हणून वाढणे, दोन्ही; त्यावरच्या या साध्या कोटीत त्यांनी अपमान जिथल्या तिथे परत केला आहे, आणि समोरच्या व्यापाऱ्यांना हसताना आपण कोणत्या बाजूला बसलो आहोत हे कळल्यावाचून राहिले नसेल.

त्याच वर्षी जॅक पार यांच्या दूरचित्रवाणीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमाचे आमंत्रण आले. त्या काळी तिथे काळे कलावंत आपले काम करून पडद्यामागे निघून जात. काम झाल्यावर शेजारी सोफ्यावर बसून गप्पा मारण्याचा मान गोऱ्या पाहुण्यांना मिळे. सोफ्यावर बसवणार असाल तरच येईन, असे ग्रेगरींनी कळवले, आणि ते बसले. आलेल्याला बसा म्हणणे ही शिष्टाचाराची पहिली पायरी. तिच्यासाठी एका मोठ्या माणसाला अट घालावी लागली, याचे मला आज फार वाईट वाटले. पुढे ते नागरी हक्कांच्या मोर्चांत गेले, अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगात राहिले, पण माझ्या डोळ्यांपुढे राहतो तो सोफा.

सोमवार

लेक आज दुपारी कॉलेजला परत गेली. सकाळी स्वयंपाकघरात तिला म्हटले, “मी हसायला नको होतं.” ती म्हणाली, “तुला माहीत नव्हतं, आई.” त्यावर मी तिला सांगितले की माहीत नसणे आणि विचारले नसणे यांत फरक आहे, आणि मी विचारले नव्हते. तिने काही उत्तर दिले नाही, फक्त माझ्या हातातली किसणी काढून घेऊन आले किसायला लागली.

चहा उकळत असताना तिने सांगितले की पुढच्या महिन्यात कॉलेजच्या ओपन माइकला ती पाच मिनिटे बोलणार आहे. विषय चहाचा. समोरच्या घरातल्या बाई आमच्याकडे येतात तेव्हा मी चहा घेणार का विचारते, त्या ‘नो, थँक्स’ म्हणतात आणि त्यांच्या दृष्टीने तो प्रश्न तिथे संपतो. माझ्या दृष्टीने तो तिथे सुरू होतो. मी त्यांच्याकडे जाते तेव्हा उलटे घडते: त्या एकदाच विचारतात, मी रीत म्हणून नको म्हणते आणि दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहत कोरड्या घशाने तासभर बसते. लेकीने दोन्ही घरे उभी केली. त्या बाईंची गोड, ठाम मान आणि माझे ‘अर्धा कप तरी’ तिने करून दाखवले. माझा इंग्रजी उच्चार तिने काढला, तो हुबेहूब होता आणि तो मला मुळीच लागला नाही, कारण त्या उच्चारामागे मी होते, माझी घालमेल होती, पातेल्यावर झाकण ठेवून परत काढणारा माझा हात होता.

मग ती थांबली आणि म्हणाली, “हे मंचावर केलं तर चालेल ना तुला? नको वाटत असेल तर मी दुसरं काही करते.”

मी तिला म्हटले, चालेल, पण तो झाकणाचा भाग पुन्हा एकदा कर. तिने केला. झाकण काढून वाफ तोंडावर येताच डोळे मिटून मान किंचित मागे घ्यायची ही लकब माझी नाही, माझ्या आईची आहे. आई गेली तेव्हा ही मुलगी चार वर्षांची होती. तिने ती माझ्यात कधी पाहिली कोण जाणे. मी तिला दोन कप चहा ओतून दिला आणि तिसऱ्यांदा करून दाखवायला सांगितले.